विमानवाहू जहाजावरून विमान समुद्रात पडतं कसं? साखळ्या, कल आणि मोकळी मिनिटं

उत्तरवारा (धागाकर्ता)

८ जुलै २०२२ रोजी भूमध्य समुद्रात 'हॅरी एस. ट्रुमन' या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून एक एफ/ए-१८ई सुपर हॉर्नेट वाऱ्याने ढकललं जाऊन समुद्रात गेलं. २८ एप्रिल २०२५ला त्याच जहाजाच्या हँगरमधून (डेकखालच्या विमानघरातून) आणखी एक सुपर हॉर्नेट, ओढणाऱ्या ट्रॅक्टरसकट, तांबड्या समुद्रात पडलं. जहाज लाख टनांचं आणि विमान वीस टनांचं, तरी हे होतं. बातम्यांत कारण एका शब्दात उरकतात: खवळलेला समुद्र.

मला ते पटत नाही. नुसत्या लाटांनी नीट बांधलेलं विमान सहसा जात नाही. जातं ते साखळ्या काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या मोकळ्या मिनिटांत. ५ डिसेंबर १९६५ची 'टिकॉन्डेरोगा'ची घटना घ्या. जपानच्या र्‍युक्यू बेटांजवळ ए-४ई स्कायहॉक हँगरमधून कडेच्या दोन नंबरच्या लिफ्टवर (विमान हँगरमधून डेकवर नेणारा पाळणा) ढकलत नेत होते. ते थांबलंच नाही. कॉकपिटमधल्या वैमानिकासह आणि पोटाखालच्या बी-४३ अणुबॉम्बसह सुमारे ४,९०० मीटर पाण्यात गेलं. वैमानिक, विमान, बॉम्ब, काहीही परत मिळालं नाही. बेटांपासून जेमतेम ८० मैलांवर हे घडल्याचं जगाला कळलं १९८९मध्ये.

उतरताना तार तुटली, इंजिनाने दगा दिला, हवेत पाडलं गेलं असे अपघात या धाग्यात नकोत. फक्त डेकवरून किंवा हँगरमधून घसरून, घरंगळून, उडून गेलेली विमानं. जाणकारांनी भर घालावी.

पानापक्कड

चांगला विषय. विमान हलवताना नेमकं काय होतं ते लिहितो, म्हणजे 'मोकळी मिनिटं' किती नाजूक असतात ते कळेल.

हलवणाऱ्या टोळीत एक पिवळ्या जर्सीचा डायरेक्टर, निळ्या जर्सीतला ट्रॅक्टरचालक, चाकांचे ठोकळे आणि साखळ्या उचलणारे, पंखांच्या टोकांशी आणि शेपटीशी शिट्टी घेऊन चालणारे, आणि कॉकपिटमध्ये बसलेला ब्रेकवाला असतो. क्रम असा: आधी ब्रेकवाला वर चढतो आणि दाबाचा काटा बघतो. मग टो-बार (विमान ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) जोडतात, त्याच्या पिना बसल्या का ते हाताने हलवून बघतात. मग साखळ्या काढतात. ठोकळे सगळ्यात शेवटी. पोचल्यावर उलट: आधी ठोकळे, मग साखळ्या, आणि त्या लागल्याशिवाय टो-बार सोडायचा नाही, ब्रेकवाल्याने उतरायचं नाही.

आता मेख. इंजिन बंद असतं, म्हणजे हायड्रॉलिक पंप बंद. ब्रेक चालतात ते टाकीत साठवलेल्या दाबावर. प्रत्येक वेळी पाय दाबला की त्यातला थोडा दाब खर्च होतो. चार-पाच वेळा उगाच दाबून बघणारा ब्रेकवाला ऐन वेळी रिकामा निघतो. शिवाय कॉकपिट उंचावर, त्याला चाक दिसत नाही. त्याला कळतं ते शिट्टीवरून आणि डायरेक्टरच्या हातावरून.

दुसरी गोष्ट टायरची. मालट्रकच्या टायरात साधारण १०० ते १२० पीएसआय हवा असते. जहाजावरच्या हॉर्नेटच्या मुख्य चाकांत ३५० पीएसआयच्या आसपास, कारण उतरतानाचा आपटा सोसायचा असतो. टायर दगडासारखा कडक, जमिनीला टेकणारा भाग लहानसा. डेकवरचा खरखरीत थर नवा असेल तर पकड उत्तम. पण महिनोन् महिने वापरून तो गुळगुळीत झालेला असतो, वर जेट इंधन, हायड्रॉलिक तेल आणि खाऱ्या पाण्याचा लगदा. तिथे ब्रेक लागून चाक फिरायचं थांबलं, तरी विमान थांबेलच असं नाही. ते तसंच सरकतं.

नवशिका_खलाशी

बाळबोध प्रश्न. कडेला कठडा का नाही लावत? एवढ्या कोटींचं विमान!

पानापक्कड

@नवशिका_खलाशी, बाळबोध नाही, रास्त आहे. फ्लाइट डेकवर जागा वाचवण्यासाठी विमानं अशी लावतात की चाकं कडेला आणि शेपटी बाहेर पाण्यावर. उंच कठडा केला तर शेपटी अडकेल, उतरणाऱ्या विमानाचा पंख अडकेल. म्हणून कडेला फक्त बुटकी लोखंडी पट्टी आणि खाली माणसांसाठी जाळी. हँगरला भिंती असतात, पण लिफ्टच्या जागी भिंतीत मोठं दार. निमिट्झ वर्गाच्या जहाजांना अशा चार लिफ्ट आहेत, तीन उजवीकडे, एक डावीकडे. लिफ्ट वर गेली की त्या दारापलीकडे थेट समुद्र. तिथे खांब आणि तारेचे दोर उभे राहतात, ते माणसाला अडवतात. सरकत्या वीस टनांपुढे त्यांचं काही चालत नाही.

सुकाणू

२०२५च्या प्रकरणात लाटांचा मुद्दाच नव्हता. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यापासून वाचायला जहाजाने जोरदार वळण घेतलं, अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या. नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी आल्या: विमानाचे ब्रेक धरले नाहीत आणि ब्रिज (जहाज चालवण्याची खोली), फ्लाइट डेक कंट्रोल व हँगर यांच्यात निरोप नीट पोचले नाहीत. सुदैवाने माणसं वेळेत बाजूला झाली, एकाला किरकोळ दुखापत. विमानाची किंमत सहा कोटी डॉलरच्या वर.

वळणाचं शास्त्र थोडं सांगतो, कारण इथे बहुतेकांचा उलट समज असतो. मोटरसायकल वळताना आत झुकते. जहाज सुकाणू फिरवल्यावर क्षणभर आत झुकतं, पण लगेच बाहेर कलतं आणि तसंच राहतं. पाणी कवचाला खालून आत रेटतं आणि जहाजाचा गुरुत्वमध्य त्या रेट्याच्या वर असतो, म्हणून वरचा भाग बाहेर पडू पाहतो. डावीकडे वळलात तर उजवी बाजू खाली जाते. हा कल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १५ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेवढा, त्याच्या चौपट ३० नॉटला, वळण तेवढंच घट्ट असेल तर.

आणखी वाईट प्रकार नागमोडी वळणांत. एका बाजूला कललेलं असताना सुकाणू सरळ केलं किंवा उलट फिरवलं, की कल आधी आणखी वाढतो आणि मग दुसऱ्या बाजूला कोसळतो. हँगरमध्ये विमान ओढणाऱ्याला समुद्र दिसत नाही, क्षितिज दिसत नाही. त्याला एकदम एवढंच कळतं की आपला ट्रॅक्टर उताराला लागलाय. म्हणून वळायच्या आधी ब्रिजने ध्वनिक्षेपकावरून सांगायचं असतं, आणि घोषणा ऐकली की टोळीने जिथे असेल तिथे विमान थांबवून ठोकळे आणि साखळ्या ठोकायच्या. ही साखळी (शब्दावर कोटी नाही) कुठेही तुटली तर खालचे लोक आंधळे.

हिशेबनीस

आकडे मांडून बघू. विमान इंधनासह २० टन धरलं.

१० अंश कल: उताराच्या दिशेने ओढ ३.५ टन.
१५ अंश: ५.२ टन.
२० अंश: ६.८ टन.

हे जहाज कललेल्या स्थितीत शांत उभं असताना. प्रत्यक्षात ते झोके घेत असतं, त्या हिसक्याचा भार वेगळा.

आता साखळी. अमेरिकन नौदलाची नेहमीची टीडी-१ साखळी कामाच्या भारासाठी १०,००० पौंडांची, म्हणजे साडेचार टन. पण ती तिरकी लागते. डेकशी ४५ अंश आणि वरून पाहिलं तर विमानाच्या बाजूशी ४५ अंश, अशी लावली तर आडव्या ओढीविरुद्ध तिची निम्मीच ताकद कामाला येते, सव्वादोन टन. कोणी घाईत जवळचा खड्डा (डेकमधला, साखळीचा आकडा अडकवायचा) पकडून ती ७० अंशांत उभी लावली तर जेमतेम एक टन. म्हणजे साखळ्यांची संख्या मोजून भागत नाही, त्या कुठे लागल्यात ते बघावं लागतं. आणि एका बाजूच्या साखळ्या ताणलेल्या असतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या ढिल्या पडलेल्या असतात. आठ साखळ्या लावल्या तर कामाला चार.

वारा: बाजूचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं तर ३० नॉट वाऱ्याचा रेटा ४०० किलोच्या आत. ६० नॉटला दीड टन. वेग दुप्पट, रेटा चौपट. आणि डेकवरचा वारा म्हणजे निसर्गाचा वारा अधिक जहाजाचा वेग. ४० नॉटच्या वाऱ्यात २० नॉटने समोर जाणाऱ्या जहाजावर ६० नॉट.

जुना_नकाशा

धागाकर्त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 'बांधलेलं विमान जात नाही' हे आजच्या लाख टनी जहाजांपुरतं ठीक. १८ डिसेंबर १९४४ विसरलात.

फिलिपीन्सच्या पूर्वेला अमेरिकन अॅडमिरल हॅल्सींचा तिसरा ताफा 'कोब्रा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या टायफूनमध्ये सापडला. 'हल', 'स्पेन्स', 'मोनॅघन' या तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० माणसं गेली आणि १४६ विमानं नष्ट झाली किंवा कामातून गेली. ही विमानं मोकळी नव्हती. वादळाची चाहूल होती, ती बांधलेली होती.

'मॉन्टेरे'चं उदाहरण बघा. इंडिपेंडन्स वर्गाची ही हलकी विमानवाहू जहाजं क्रूझरच्या अरुंद कवचावर बांधलेली, त्यामुळे डोलायची फार. 'मॉन्टेरे' ३४ अंशांपर्यंत कलत होती. सकाळी नऊच्या सुमारास हँगरमध्ये एका विमानाचे दोर तुटले. सुटलेलं विमान शेजारच्यावर आदळलं, त्याचे दोर तुटले, आणि मग प्रत्येक हेलकाव्याबरोबर लोखंडाचा ढीग या भिंतीवरून त्या भिंतीवर. विमानांच्या टाक्यांत पेट्रोल होतं. टाक्या फुटल्या, ठिणगी पडली, हँगर पेटलं. वायुवीजनाच्या नळ्यांतून धूर खाली इंजिनघरात उतरला. १८ विमानं गेली. त्याच दिवशी 'काउपेन्स', 'सॅन जॅसिंटो', 'केप एस्परन्स', 'अल्टामाहा' यांवरही हेच सत्र चालू होतं.

वर कोणीतरी कडेच्या कठड्याबद्दल विचारलंय. 'मॉन्टेरे'वर एक तरुण अधिकारी डेकवरून घसरत थेट कडेला गेला. दोन इंच उंचीच्या लोखंडी पट्टीला त्याचे पाय अडले आणि तो खालच्या अरुंद मार्गिकेत पडला. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

उत्तरवारा

@जुना_नकाशा, मान्य. शब्द बदलतो: एक 'मोकळं' विमान आणि एक 'सुटलेलं' विमान. मोकळं विमान माणसाच्या हातून जातं. सुटलेलं विमान जातं ते बांधणी भाराला पुरी न पडल्याने. उपाय दोन्हींचे वेगळे आहेत.

पण कोब्रामध्येही एक प्रश्न राहतोच. त्या बांधणीत साखळ्या किती आणि दोर किती?

पानापक्कड

त्या काळी तारेचे आणि काथ्याचे दोर बरेच. काथ्या भिजला की आवळतो, सुकला की ढिला पडतो. तार हिसक्याला न ताणता तुटते. आणि 'मॉन्टेरे'चा खरा धडा एकच नाही, दोन आहेत: बांधणी वाढवा, आणि हँगरमधल्या विमानांच्या टाक्यांत पेट्रोल ठेवू नका. त्या काळचं विमानाचं पेट्रोल ठिणगीला लगेच पकडायचं. आज जहाजांवर वापरतात ते जेपी-५ इंधन मुद्दाम उच्च ज्वलनांकाचं (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते तो), ६० अंश सेल्सियसच्या वर.

जुना_नकाशा

पॅसिफिक ताफ्याचे सरसेनापती अॅडमिरल निमिट्झ यांनी फेब्रुवारी १९४५मध्ये ताफ्याला या वादळाबद्दल पत्र लिहिलं. सार एवढंच की जहाज सुरक्षित करायची वेळ म्हणजे ते करता येतंय तोवरची, आणि खबरदारी नंतर अनाठायी ठरेल म्हणून ती घ्यायला कुरकुर करणं खलाशासाठी सगळ्यात घातक.

तरीही जून १९४५मध्ये हॅल्सी पुन्हा टायफूनमध्ये. 'हॉर्नेट' आणि 'बेनिंग्टन' या एसेक्स वर्गाच्या जहाजांच्या फ्लाइट डेकचा पुढचा, नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) लटकणारा भाग लाटांनी खाली मुडपला. 'पिट्सबर्ग' क्रूझरची तर नाळच तुटून वाहत गेली. मुडपलेल्या डेकमुळे पुढे हवा इतकी ढवळलेली की 'हॉर्नेट'ने उलटं, मागच्या दिशेने जहाज चालवून विमानं उडवली! नंतर एसेक्स जहाजांच्या पुनर्बांधणीत नाळ डेकपर्यंत बंद केली. ब्रिटिशांनी हे 'आर्क रॉयल'पासूनच केलं होतं, त्यामुळे आपल्या जुन्या 'विक्रांत'ला (ती मूळची ब्रिटिश 'हर्क्युलीस') बंद नाळ आयतीच मिळाली.

कोकणकडा

'विक्रांत'चा विषय निघालाच आहे तर लिफ्टबद्दल. जुन्या 'विक्रांत'च्या दोन्ही लिफ्ट डेकच्या मध्यरेषेवर होत्या. 'विक्रमादित्य'च्याही डेकच्या आत. २ सप्टेंबर २०२२ला नौदलात आलेल्या नव्या 'विक्रांत'च्या दोन्ही लिफ्ट मात्र उजव्या कडेला. मग खवळलेल्या समुद्रात जुनी पद्धत बरी नाही का?

सुकाणू

@कोकणकडा, विमान समुद्रात पडण्याच्या दृष्टीने मधली लिफ्ट बरीच. चारी बाजूंनी भिंत असलेल्या विहिरीत विमान खाली उतरतं, लाट आत येत नाही. पण दुसऱ्या बाजूला: मधली लिफ्ट खाली असताना डेकच्या मधोमध भोक, उड्डाण बंद. ती अडकली तर सगळंच बंद. हँगरचीही मधली जागा खाते. कडेची लिफ्ट अडकली तरी डेक मोकळा राहतो आणि विमानाची शेपटी बाहेर लटकत ठेवता येते, म्हणजे लिफ्टपेक्षा लांब विमानही मावतं.

किंमत मोजावी लागते ती हवामानात. कडेची लिफ्ट हँगरच्या पातळीला आली की ती पाण्याच्या बरीच जवळ असते. मोठ्या लाटेत जहाज त्या बाजूला कललं तर पाणी थेट लिफ्टवर, तिथून हँगरमध्ये. म्हणून समुद्र चढला की कडेच्या लिफ्ट वर घेऊन कुलूपबंद आणि हँगरचे दरवाजे बंद. जूनच्या मध्यापासून नैऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्रात हेच करत राहावं लागतं. आपल्या किनाऱ्यावरचे मासेमार जसे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तसं विमानवाहू जहाजाला करता येत नाही एवढाच फरक.

हिशेबनीस

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे ही जुनी विमानं बघताना एक गोष्ट जरूर पाहा: पंखांची घडी. हँगरमध्ये जागा वाचते, पण घडी घातलेला पंख म्हणजे उभं शीड. बाजूच्या वाऱ्याचा रेटा जास्त उंचीवर लागतो, विमान उलटायला बघतं, आणि बिजागरीवर ताण येतो. म्हणून जोरदार वाऱ्यात घडीला आधाराचे दांडे लावतात, किंवा जागा असेल तर पंख उघडेच ठेवून विमानाचं नाक वाऱ्याकडे करतात. विमानाच्या सुकाणूचे हलते पडदे अडकवायचे, कॉकपिट बंद, इंजिनाच्या तोंडाला झाकणं.

नवशिका_खलाशी

पण मग २०२२चं विमान? ते तर ओढत नव्हते ना? नीट बांधलेलं असणार.

उत्तरवारा

@नवशिका_खलाशी, नौदलाने जाहीर केलं ते इतकंच: समुद्रातच रसद घेणं चालू होतं, अनपेक्षित खराब हवामान आलं, विमान उडून गेलं, एका खलाशाला किरकोळ दुखापत. बांधणीबद्दल मी अंदाज बांधत नाही. पण रसद घेताना जहाज किती जखडलेलं असतं ते बघण्यासारखं आहे.

रसद देणारं जहाज बाजूला जेमतेम पन्नास मीटरवर. दोघांमध्ये ताणलेल्या तारा, इंधनाचे पाइप. वेग साधारण १२ ते १६ नॉट, दिशा अर्ध्या अंशाने सांभाळायची. एरवी वाऱ्याची झोड दिसली की कप्तान नाक फिरवतो, वारा डेकवर सोयीच्या कोनात घेतो. इथे ते करता येत नाही. आधी पाइप सोडायचे, तारा सोडायच्या, मग दूर व्हायचं. आणीबाणीत हे लवकर होतं, पण झोड त्याहून लवकर येते. त्यातून माल आत घ्यायला कडेच्या लिफ्ट खाली, हँगरचे दरवाजे उघडे, निम्मी माणसं तिकडे गुंतलेली.

दर्याचा_राजा

आणि पडल्यावर? शोधून काढतात की सोडून देतात?

जुना_नकाशा

खोली आणि आत काय आहे, यावर ठरतं. २०२२चं सुपर हॉर्नेट सुमारे २,९०० मीटरवर होतं, ३ ऑगस्टला, म्हणजे चार आठवड्यांत बाहेर काढलं. कर्व्ह-२१ नावाचं दूरनियंत्रित यंत्र केबलने खाली सोडतात, ते ६,००० मीटरपर्यंत जातं. आधी सोनारने जागा पक्की करायची, मग या यंत्राच्या हातांनी विमानाच्या मजबूत जागांना दोर अडकवायचे, मग जहाजाच्या क्रेनचा आकडा खाली सोडून जोडायचा आणि सावकाश ओढायचं. यातही हेलकावे शत्रूच: वर जहाज दोन मीटर वरखाली झालं की खाली दोराला तेवढा हिसका. म्हणून शांत दिवसाची वाट बघत बसावं लागतं.

१९७६चं प्रकरणही याच पठडीतलं. 'जॉन एफ. केनेडी'वरून एफ-१४ टॉमकॅट स्कॉटलंडजवळ पाण्यात गेलं, फिनिक्स क्षेपणास्त्रासह. शीतयुद्धाचे दिवस, सोव्हिएत जहाजं आसपास. साधारण ५७५ मीटर खोलीवरून, एनआर-१ या छोट्या अणुपाणबुडीची मदत घेऊन, क्षेपणास्त्र आणि विमान दोन्ही काढलं.

दर्याचा_राजा

धन्यवाद. शेवटची शंका: साखळी जास्त ताणून बांधली तर चांगलं ना? ढिली नको म्हणून?

पानापक्कड

नाही. साखळ्या एकसारख्या ताणाच्या हव्यात. एक खूप ताणलेली आणि बाकी सैल असतील तर सगळा भार आधी तिच्यावर, ती गेली की पुढची, असं एकेक करून जातं. शिवाय विमान पायांवरच्या शॉक-ॲब्झॉर्बरवर उभं असतं. त्यातला वायू किंवा तेल रात्रभरात थोडं झिरपलं की विमान खाली बसतं आणि काल ताठ असलेल्या साखळ्या आज लोंबतात. म्हणून खराब हवेत टेहळणीवाला तासातासाला हिंडतो: साखळी हाताने हलवून बघायची, आकडा खड्ड्याच्या आडव्या दांड्यात पुरा बसलाय का, ताण देणारी चकती उलटी फिरली नाही ना, साखळी ब्रेकच्या नळीला किंवा टायरला घासत नाही ना. डेकवरच्या खड्ड्यांत पाणी आणि इंधन साचतं, त्यात आकडा अर्धवट बसलेला वरून दिसत नाही. बोट घालून चाचपावा लागतो.